पहिल्या पंधरा ओळी

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांमधून पहिला प्रश्न येतो, किती गुण पडले? दुसरा प्रश्न येतो, कॉलेजात आपलं कोणी आहे का? हा दुसरा प्रश्न आपण चहा पिता पिता, सहज विचारतो. त्यात काही वावगं आहे असं आपल्याला वाटत नाही. वच्छलाबाई इंगळे यांनाही १९८८ च्या जूनपर्यंत वाटलं नव्हतं. जळगावच्या एका कॉलेजात त्या कनिष्ठ लिपिक होत्या. म्हणजे त्यांच्या माहेरच्या लोकांसाठी कॉलेजातलं 'आपलं कोणी' त्याच होत्या.

त्यांचे यजमान त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. ते गेल्यावर संस्थेने वच्छलाबाईंना त्यांच्या जागी नाही, पण कार्यालयात घेतलं. नेमणूक तात्पुरती होती आणि चार वर्षं ती तात्पुरतीच राहिली होती. कायम करण्याचा कागद त्या जुलैत निघणार होता. तो मुख्य लिपिक रतिलालभाऊंच्या शिफारशीने निघायचा होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि रतिलालभाऊंनाही.

अकरावी विज्ञानाच्या जागा ऐंशी. अर्ज चारशेच्या वर. यादी गुणांनुसार लागे. दोघांचे गुण सारखे असले तर ज्याचा अर्ज आधी आला त्याला आधी जागा, असा नियम माहितीपत्रकात छापलेला होता. अर्ज कधी आला हे ठरवायचं आवक रजिस्टर वच्छलाबाईंच्या टेबलावर असे. अर्ज घ्यायचा, रजिस्टरात ओळ लिहायची, तो क्रमांक पावतीवर टाकून मुलाच्या हातात द्यायचा, एवढंच काम.

पण त्या कार्यालयात एक जुनी रीत होती. पहिल्या दिवशी खिडकी उघडली की पहिल्या पंधरा ओळी कोऱ्या सोडायच्या आणि लिहायला सोळापासून सुरुवात करायची. या ओळींना सगळे 'घरच्या ओळी' म्हणत. संस्थेच्या सभासदांचे भाचे-पुतणे, प्राध्यापकांच्या मेव्हण्यांची मुलं, कार्यालयातल्या माणसांचे सोयरे यांचे अर्ज आठवडाभरात कधीही आले तरी त्या ओळींत बसत आणि त्यांच्यापुढे तारीख पहिल्या दिवसाची पडे.

"आपण कुणाचे मार्क वाढवतो का?" रतिलालभाऊ म्हणायचे. "मुळीच नाही. फक्त माणसं जरा पुढे सरकवून बसवतो. लग्नाच्या पंगतीत नाही का बसवत?"

सोमवारी, सत्तावीस जूनला, दहा वाजता खिडकी उघडली तेव्हा सगळ्यात पुढे एक मुलगी उभी होती. तिच्या मागे तिचे वडील. दोघं चोपड्याकडच्या एका खेड्यातून आदल्या संध्याकाळच्या एसटीने आले होते आणि पहाटे पाचपासून कॉलेजच्या फाटकाशी थांबले होते. मुलीचं नाव भिकुबाई पुना पाटील, गुण सातशेपैकी पाचशे अडतीस. वच्छलाबाईंनी पावती लिहून दिली. मुलगी बाजूला झाली, पावती वाचली आणि पुन्हा खिडकीशी आली.

"बाई, सोळावा कसा? माझ्यापुढे कोणीच नव्हतं."

"पोस्टाने आलेले असतात," वच्छलाबाई म्हणाल्या. दरवर्षी देतात तेच उत्तर त्यांनी दिलं.

मुलीने क्षणभर विचार केला. "गुणपत्रिका परवा शनिवारी दुपारी मिळाल्या. काल रविवार होता. मग पोस्ट कधी आलं?"

तिचा आवाज भांडणाचा नव्हता. गणितात एखादी पायरी गळली आहे आणि ती कुठली, एवढंच ती विचारत होती. "पुढे व्हा, मागे रांग आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा अर्ज ओढला.

शनिवारी, दोन जुलैला, अर्ज घेण्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ चुडामण मुक्ताईनगराकडून आपल्या मुलीला, मंजुळेला, घेऊन आला. मंजुळेचेही गुण पाचशे अडतीस होते, पण तेव्हा ते वच्छलाबाईंच्या लक्षात आलं नाही.

"इतका उशीर?" त्यांनी विचारलं.

"तू तठी बसेल असल्यावर घाई कायची, अक्का?" चुडामण हसला. "गावात समद्याले सांगून आलो, मंजुळीची जागा पक्की हाये."

मंजुळा बाहेर ओट्यावर बसली होती. वच्छलाबाईंनी रजिस्टरातली सहावी ओळ भरली: मंजुळा चुडामण नारखेडे, सत्तावीस जून. अक्षर सुरेख, वळणदार.

मंगळवारी रतिलालभाऊ गुण वाचत होते आणि वच्छलाबाई यादी लिहीत होत्या. एकोणऐंशी नावं झाली. ऐंशीव्या जागेला दोन नावं आली. दोघींचे गुण पाचशे अडतीस. एकीचा क्रमांक सहा, दुसरीचा सोळा.

"सहा," रतिलालभाऊ म्हणाले. "तुमची भाची ना ही? पेढे आणा." त्यांनी डोळा बारीक केला आणि पुढचा कागद घेतला. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव भिकुबाईचं लिहिलं गेलं. विज्ञानाची मिळालेली जागा गेल्या तीन वर्षांत कोणी सोडली नव्हती. त्या यादीत पहिलं असणं आणि चाळिसावं असणं, दोन्ही सारखंच होतं.

त्याच वेळी दाराशी पुना पाटील उभा राहिला. यादी कधी लागणार हे विचारायला तो एक दिवसाआड येत होता. आज तो कार्यालयात न थांबता सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेला. प्राचार्य नवे होते, त्याच वर्षी धुळ्याहून बदलून आलेले. दोन खोल्यांमधलं दार उघडंच होतं.

"साहेब, आम्ही भांडाले नही उनूत," पुना सांगत होता. "पन पोर म्हनस, मना पुढे कोनी नव्हतं. पोर खोटं बोलस नही. मंग ती पंधरा लोके कोठून उनीत? एक डाव रजिस्टर दखाडा. बस, तेवढंच."

प्राचार्यांना बोली पुरती कळत होती. ते म्हणाले, "नियम छापलेला आहे, तेव्हा रजिस्टर दाखवायला हरकत काय? उद्या अकरा वाजता या. तुमच्यासमोर उघडू, मगच यादी लावू. मुलीलाही आणा."

वच्छलाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. रतिलालभाऊ बाहेर गेल्यावर त्यांनी मंजुळेचा अर्ज गठ्ठ्यातून काढला. सगळं नीट असायला हवं, एवढाच विचार होता. अर्जावर तारीख नव्हती, हे बरं. मग त्यांनी मागे टाचलेली गुणपत्रिकेची सत्यप्रत उलटली. खाली शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकांची सही आणि सहीखाली स्पष्ट अक्षरांत तारीख: १ जुलै १९८८.

सत्तावीस जूनला आलेल्या अर्जाला एक जुलैला सही झालेला कागद जोडलेला होता.

चारशेच्या वर अर्जांत ही तारीख कोणाला दिसली नसती. पण उद्या रजिस्टर उघडल्यावर जो माणूस सहाव्या ओळीवर बोट ठेवील, तो हा अर्ज मागणारच, आणि ती मुलगी शेजारी उभी असणार. रविवारी पोस्ट येत नाही हे जिला सुचलं, तिला ही तारीख दिसायला किती वेळ लागेल? आणि ते सुंदर, वळणदार अक्षर कुणाचं आहे, हे कार्यालयात कोणालाही विचारायची गरज नव्हती.

रतिलालभाऊ परत आले तेव्हा वच्छलाबाईंनी तो कागद पुढे केला. रतिलालभाऊंनी तो पाहिला, दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "घाबरता काय, वच्छलाताई? भाऊ तुमच्याच घरी उतरलाय ना? त्याला दोनच्या गाडीने गावी पाठवा. मुख्याध्यापक त्याच्या ओळखीचा असेलच. नवी प्रत, पंचवीस जून तारीख. उद्या दहाच्या आत ही काढायची, ती लावायची. झालं."

"आणि नाही झालं तर?"

"नाही झालं तर रजिस्टर कोण लिहितं, हे मी साहेबांना खोटं कसं सांगू?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "तुमच्या कागदावर सही व्हायचीय अजून. मी म्हणतो, कशाला वाईट दिवस आणायचे?"

वच्छलाबाई पाणी प्यायला म्हणून मागच्या व्हरांड्यात गेल्या. तिथे माठाशेजारी कॉलेजचे जुने शिपाई छगन आबा स्टुलावर बसून गठ्ठे बांधायची सुतळी गुंडाळत होते. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. वच्छलाबाईंनी पेला भरला, पण पाणी प्यायलं नाही.

"बसा," आबा म्हणाले. "घरच्या ओळींचं आहे ना? ऐकू आलं मला. कार्यालयातलं दार अजून कोणी नीट बसवलं नाही."

"आबा, एकाच मुलीचा प्रश्न आहे," वच्छलाबाई घाईघाईने बोलू लागल्या. "मंजुळेचे गुण तेवढेच आहेत. एकही कमी नाही. कोणीतरी एक जाणार, एक राहणार. मग ती आपली का नको?"

आबांनी सुतळी मांडीवर ठेवली. "मीसुद्धा हेच म्हटलं होतं. एकोणऐंशी साली. बहिणीचा मुलगा होता माझ्या. तेव्हाच्या मोठ्या लिपिकाच्या हातापाया पडून त्याला घरच्या ओळीत बसवला. शेवटची जागा त्याला मिळाली. आज तो नाशकात नोकरीला आहे, चांगलं चाललंय. मी खूश होतो. मग एक दिवस मलाच गठ्ठे आवरायला सांगितले आणि मी बघितलं, त्याच्या मागे कोण राहिलं. तेवढेच गुण. पहिल्या दिवशीचा अर्ज. नाव वाचलं आणि ओळखलं. आमच्याच गल्लीतला मुलगा, बाई. भटू."

"मग?"

"मग काय? डाळ मिलमध्ये पोती उचलतो. रोज सकाळी सायकलवरून जाताना मला हात करतो. 'राम राम आबा' म्हणतो. नऊ वर्षं झाली. त्याला वाटतं, आपणच कमी पडलो." आबांनी सुतळी पुन्हा हातात घेतली. "ज्या दिवशी त्याला कळेल ना, त्या दिवसाची मला भीती नाही. एखादी शिवी देईल, मोकळा होईल. भीती वाटते ती रोजच्या राम रामाची."

"तुम्हाला नोकरीची भीती आहे, ती खरी आहे," आबा म्हणाले. "मी काही मोठ्या गोष्टी सांगायला शहाणा नाही. पण भीती दोन तऱ्हेची असते. एक उद्या अकराला संपते. दुसरी संपत नाही. आणि भाचीला विचारलंत का? उद्या साहेबांनी तिला विचारलं, तू कुठल्या तारखेला आलीस, तर ती काय बोलणार?"

हे वच्छलाबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोनची गाडी गेली. त्यांनी चुडामणला निरोप पाठवला नाही. संध्याकाळी पाचला त्या मेहरूण भागातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी गेल्या तेव्हा चुडामण खाटेवर बसून शेंगा सोलत होता आणि मंजुळा कुठल्याशा जुन्या पुस्तकाला कव्हर घालत होती. वच्छलाबाईंनी चप्पल काढली आणि दाराशीच उभं राहून सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही.

"येवढंच ना?" चुडामण उठला. "उद्या पहाटची गाडी धरतो. मास्तर आपला मानूस हाये. मुकाट्यानं सही देईन."

"आणि मी काय सांगू?" मंजुळा एकदम म्हणाली. तिच्या हातातला कागद चुरगळला होता. "आत्या, मी तर दोन तारखेला आले. ती मुलगी तिथे उभी असणार ना? तिच्यादेखत सांगायचं, की मी सत्तावीसला आले? मला नाही जमणार. मी रडेन."

"कोनी इचारत नाही तुले," चुडामण म्हणाला.

"ती विचारेल," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुझ्या मुलीइतकीच हुशार आहे ती. अर्ध्या गुणाचाही फरक नाही."

"अक्का, लोकाच्या पोरीसाठी तू आपल्या घरची पोर बाहेर काढशीन?"

"मी तिला बाहेर काढत नाही, चुडामण. मी तिला आत बसवलं होतं, ते चुकीचं होतं. तू पहिल्या दिवशी आला असतास तर ती आपल्या पायांनी आत गेली असती. मी तिथे आहे म्हणून तू पाच दिवस घरी बसलास. माझ्यामुळेच तिची जागा गेली, असं समज."

चुडामणने शेंगांची टोपली बाजूला सारली. "मंग गावात काय सांगू? सांग तूच." त्याचा आवाज चढला नव्हता, उतरला होता, आणि वच्छलाबाईंना तेच जास्त लागलं. तो त्यांच्याकडे जेवला नाही. सकाळी उजाडताच मुलीला घेऊन तो स्टँडवर गेला. मंजुळेने जाताना आत्याच्या पाया पडून, वर न बघता, हळूच म्हटलं, "तुम्ही सांगून टाका."

बुधवारी दहा वाजून दहा मिनिटांनी वच्छलाबाई रजिस्टर आणि तो अर्ज घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. त्यांनी न विचारताच खुर्ची ओढली. मग एकेक गोष्ट क्रमाने सांगितली: कोऱ्या ओळी किती, त्यांपैकी किती भरल्या, कुणाच्या, खरोखर कुठल्या तारखेला. अकरा ओळी भरल्या होत्या. त्यांतली सहावी त्यांच्या भाचीची होती आणि ती त्यांनी शेवटी सांगितली. ही रीत किती जुनी, हे त्यांनी सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून, हे प्राचार्यांनी विचारल्यावर सांगितलं.

प्राचार्यांनी सत्यप्रतीवरची तारीख पाहिली. "हे मला अकरा वाजता त्या माणसासमोर कळलं असतं तर?" ते म्हणाले.

"म्हणून तर आधी आले, साहेब."

"म्हणून आलात, की पकडल्या जाल म्हणून आलात?"

वच्छलाबाईंनी विचार केला. खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नव्हतं. "काल दुपारपर्यंत पकडली जाईन म्हणूनच," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळपासून नाही."

अकरा वाजता पुना पाटील आणि भिकुबाई आले. प्राचार्यांनी त्यांच्यासमोर रजिस्टर उघडलं आणि घरच्या अकरा ओळींवर लाल शाईने आडवी रेघ मारली. ते अकरा अर्ज दोन जुलैच्या शेवटच्या अर्जाच्या खाली, नव्या क्रमांकांनी लिहिले गेले. अकरापैकी दहा जणांना काहीच फरक पडला नाही. त्यांचे गुण एक तर पुष्कळ वर होते, नाहीतर पुष्कळ खाली. पंधरा ओळींच्या त्या सगळ्या खटाटोपाने त्या वर्षी एकच जागा हलवली होती. ती परत हलली.

भिकुबाईने रजिस्टरात डोकावून पाहिलं. रेघ मारलेल्या सहाव्या ओळीवरून शेजारी ठेवलेल्या अर्जाकडे पाहत ती थबकली. "हिचेही पाचशे अडतीस?"

"हो," वच्छलाबाई म्हणाल्या. "माझी भाची."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. रागावेल, असं वच्छलाबाईंना वाटलं. पण ती म्हणाली, "मग तिला आता कुठे मिळेल?" आणि या साध्या प्रश्नाने वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं! आठवडाभर त्यांनी या मुलीसाठी हाच प्रश्न स्वतःला विचारू दिला नव्हता.

पुनाने वच्छलाबाईंना हात जोडले. त्या झटकन म्हणाल्या, "नको, भाऊ. मी काही दिलं नाही तुम्हाला. घेतलेलं परत केलं."

भुसावळच्या एका कॉलेजात अजून अर्ज घेत होते. मंजुळेने तिथे रांगेत उभं राहून अर्ज भरला, जागा मिळाली, आणि दोन वर्षं ती रोज एसटीने ये-जा करत शिकली. चुडामण दोन दिवाळ्या बहिणीकडे आला नाही. वच्छलाबाईंना लेखी ताकीद मिळाली आणि कायम होण्याचा कागद एक वर्ष पुढे गेला. रतिलालभाऊंचं टेबल बदललं, पण सभासदांपैकी कोणाला कोणी जाब विचारला नाही. सगळं एका फटक्यात सुधारलं, असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. एवढं मात्र झालं की पुढच्या जूनमध्ये रजिस्टराची पहिली ओळ खिडकीशी पहिल्या आलेल्या मुलाच्या नावाने लिहिली गेली.

आपण सारेच कुठे ना कुठे अशा खिडकीच्या या बाजूला किंवा त्या बाजूला असतो. कुणाचे काका असतो, कुणाची आत्या असतो. आपल्या माणसाला पुढे सरकवताना आपल्याला वाटतं की आपण फक्त माया केली, कुणाचं काही घेतलं नाही. असं वाटतं, कारण जो पुढे जातो त्याचं नाव आपल्याला माहीत असतं आणि जो बाहेर राहतो त्याचं माहीत नसतं. पण रांगेतली जागा रिकामी नसते. तिथे कोणीतरी पहाटेपासून उभं असतं, आणि त्याला फक्त एवढंच सांगितलं जातं की तू कमी पडलास. म्हणून आपल्या माणसासाठी शब्द टाकण्याआधी प्रत्येकाने एकदा त्या बाहेर राहणाऱ्याचं नाव विचारावं. नाव कळल्यावरही ज्याला शब्द टाकता येईल, त्याने खुशाल टाकावा. वच्छलाबाईंना आला नाही.